थंड पोटाचा साप

ड्राय फोर्क, ३ जून २०१४

लोरीन,

तुझं पत्र परवा आलं. बाबांना जाऊन चार महिने झाले आणि तुला आठवण झाली ती त्यांच्या वह्यांची. 'कोरड्या जागी ठेव, उंदरांपासून जप.' वा! बाबांना जपायची वेळ होती तेव्हा कुठे होतीस बाई? दफनाच्या दिवशी आलीस, चेलोच्या खाणावळीत उभ्याउभ्या कॉफी प्यायलीस आणि संध्याकाळच्या आत परत. पाच तास. मी मोजले.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. माझं अक्षर बाबांच्या वळणावर गेलंय, तेव्हा वाचता येईल तुला.

तू म्हणतेस, अडतीस वह्या तुमच्या संग्रहालयाला द्याव्यात. अडतीस उन्हाळे, एकच रस्ता, एकच माणूस, असा दाखला दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणे. कुठला साप, किती वाजता, कितव्या मैलावर, जिवंत की गाडीखाली गेलेला, रस्ता किती तापलेला. हे तू मला सांगतेस? अगं, तू कॉलेजात गेलीस त्या दिवसापासून त्या गाडीतली उजवीकडची सीट माझी होती. थर्मामीटर न वापरता रस्त्यावर तळहात टेकवून बाबा 'कोमट', 'गरम', 'हात ठेववत नाही' असं सांगायचे, ते मी ऐकलंय. प्रत्येक सापाच्या पोटाखाली बोट घालून बघायचे, पोट गरम म्हणजे बराच वेळ रस्त्यावर पडून आहे, गार म्हणजे आत्ताच बिळातून आलाय. तू ते आता वहीतून वाचणार आणि मला शिकवणार.

आणि वर तुझी अट. 'दोन हजार बाराच्या त्या नोंदीचा खुलासा झाल्याशिवाय समिती वह्या घेणार नाही. एक नोंद खोटी, तर बाकीच्या सहा हजार कशावरून खऱ्या, असं त्यांचं म्हणणं आहे. बैठक पंधरा सप्टेंबरला आहे. तेव्हा झालं नाही तर विषय कायमचा बंद.'

त्यांचं म्हणणं! त्यांना असं म्हणायला शिकवलं कुणी?

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा तुझ्या तोंडावर मांडतो. बाबांना आयुष्यात एकच साप हवा होता. राखपट्ट्या. इथून नव्वद मैल पश्चिमेला, डोंगरातल्या खिंडींत तो सापडतो, दर जूनला शहरांतून माणसं त्याच्यासाठी येतात. आपल्या खडूखिंडीत तो नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. बाबा म्हणायचे, आहे. पंच्याहत्तर साली ते रस्तेखात्यात ग्रेडर चालवायचे, तेव्हा पात्याखाली एक आला होता आणि दोन तुकडे झाला होता. तुकडे दाखवायला माणूस आणेपर्यंत कोल्ह्याने नेले. तेव्हापासून सदतीस उन्हाळे त्यांनी तोच चौदा मैलांचा रस्ता पंचवीसच्या वेगाने पालथा घातला. साप साप म्हणून भुई धोपटणारा म्हातारा, अशी चेष्टा व्हायची त्यांची.

मग १९ जून २०१२, अमावस्या, साप सगळ्यांत जास्त बाहेर पडतात ती रात्र. मैल ११.४. जिवंत राखपट्ट्या. बाबांनी स्वतः पाहिला, स्वतः उचलला. आणि मुलगी संग्रहालयात आहे म्हणून विश्वासाने तिच्याकडे पाठवला. तिने काय केलं? रक्त तपासलं आणि नोव्हेंबरात संग्रहालयाच्या पत्रकात छापून टाकलं: 'पश्चिमेच्या खिंडीतला साप, माणसाने आणून सोडलेला.' बापाला एक फोन नाही. बाबांना ते व्हर्ननने सांगितलं, मोटेलच्या ओसरीवर, साप शोधणाऱ्या दहा माणसांसमोर. 'काय म्हातारबा, साप टपालाने मागवला होतात की काय?'

माझीही एक अट आहे. लिही तुझ्या समितीला, की तुझी तपासणी चुकली. नळ्यांची अदलाबदल झाली म्हण, काय वाटेल ते म्हण. मग ने वह्या.

ग्रेडी


ड्राय फोर्क, २९ जून

लोरीन,

तपासणी चुकलेली नाही, तीन वेळा केली होतीस. ठीक आहे. तू कधी चुकतच नाहीस, लहानपणापासून.

पण पुढचं वाक्य वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. 'बाबांनी असं का केलं, हे त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही.' म्हणजे तू मनातून धरूनच चालली आहेस, की बाबांनी केलं! अडतीस वर्षं ज्या माणसाने मेलेला सापसुद्धा रस्त्यात पडून राहू दिला नाही, उचलून कडेला ठेवला, तोसुद्धा तो ज्या दिशेला निघाला होता त्या दिशेला तोंड करून, तो माणूस खोटा साप सोडेल? सख्ख्या मुलीला एवढं कळू नये?

तू इथे नव्हतीस म्हणून गेल्या मोसमाबद्दल सांगतो. ओसरीवरचा नियम तुला आठवत असेल. कुणी कुणाला जागा विचारायची नाही, आणि सांगितलीच तर खरी सांगायची. साप विकलास तरी चालतं, दुसऱ्याचा पळवलास तरी चार दिवस शिव्या देऊन विसरतात. पण जागा खोटी सांगितलीस की संपलास. मग तुझ्या शेजारी कुणी कॉफीचा कप ठेवत नाही. बाबांच्या खुर्चीशेजारच्या दोन्ही खुर्च्या संबंध जून रिकाम्या होत्या. चेलो बिचारी मुद्दाम येऊन बसायची, गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून. 'हॉलिस, अंडी कशी हवीत?' रोज तोच प्रश्न, तीस वर्षं तीच अंडी खाल्लेल्या माणसाला.

डोळे जवळपास गेले होते. गाडी मी चालवायचो, वही मी लिहायचो, ते नुसते काचेतून बघत बसायचे. एका संध्याकाळी मैल ११.४ वर त्यांनी डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या. साप दिसला की दोन थापा, तेवढंच आपल्या गाडीत बोलणं. चमकणारं जाकीट घातलं, काठी टेकत गेले, वाकले. रबराचा साप होता. राखी पट्टे रंगवलेले आणि गळ्यात चिठ्ठी: 'पश्चिमेकडून, टपालाने.' वळणामागे व्हर्ननची गाडी उभी होती. सगळे हसले.

बाबांनी तो साप जाकिटाच्या खिशात घातला. सीटवर बसले आणि मला म्हणाले, "लिही. मैल अकरा पूर्णांक चार. रबराचा. एक."

लिहिलं मी. ती नोंद आहे २०१३ च्या वहीत, खरी आहे, तुझ्या समितीला सांग.

तू विचारलंयस, त्या रात्री साप आधी कुणी पाहिला, गाडी कुठली होती, नोंदीत नेमकं काय लिहिलंय. पोलिसात लागलीस का? बाबांनी पाहिला. गाडी त्यांची. आणि २०१२ ची वही पत्र्याच्या ट्रंकेत आहे, ती मी उघडलेली नाही. उघडली की कळवतो.

ग्रेडी


ड्राय फोर्क, २१ जुलै

लोरीन,

२०१२ ची वही सापडत नाही. सदतीस आहेत. मधली एक नाही. उंदरांनी कुरतडली असेल किंवा बाबांनीच कुणाला दिली असेल, शेवटी शेवटी ते वस्तू वाटत सुटले होते.

तेव्हा सोड हा नाद. सदतीस घेत असतील तर बघ, नाहीतर राहू देत इथेच. तुझ्या समितीवाचून खडूखिंडीचं काही अडलेलं नाही.

इथे उकाडा फार. खुळखुळे साप ओसरीखाली येऊन बसतात सावलीला. चेलोने काल दोन बादलीत घालून नेऊन सोडले.

ग्रेडी


ड्राय फोर्क, १७ ऑगस्ट

लोरीन,

तुझी एका ओळीची चिठ्ठी मिळाली. 'वही सापडली आहे तुला, ग्रेडी. लहानपणीही चोरी केलीस की सगळ्यांना पाऊसपाण्याच्या गप्पा सांगायचास.'

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं चाललंय माझं जूनपासून. आता सांगतो. एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा उंदीर आठवतील.

साप मी सोडला.

२०१२ च्या मेमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने बाबांना सांगितलं होतं, की हा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षी अंधारात काही दिसणार नाही. घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे जूनची अमावस्या एकच राहिली." मग तुला फोन केला. आठवतंय? 'ये या जूनला, एक फेरी मारू.' तू म्हणालीस, परिषद आहे, बघते.

तू बघतच राहिलीस. मी मात्र काहीतरी करायचं ठरवलं.

सोळा जूनला मी साप बघायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना घेऊन पश्चिमेच्या खिंडीत गेलो होतो. ते झोपल्यावर मी एकटाच पुन्हा फिरलो आणि मला एक राखपट्ट्या मिळाला. हातभर लांब, राखेवर नारिंगी, देखणा. उशीच्या अभ्र्यात घातला, बर्फाच्या पेटीत टॉवेलवर ठेवला. थंडीत साप गप्प राहतो, हे तुला मी सांगायला नको. तीन दिवस ठेवला. बाबांना खाऊ घालायचो, औषध द्यायचो, आणि मध्येच शेडमध्ये जाऊन बर्फ बदलायचो.

एकोणीसच्या संध्याकाळी निघालो. सूर्य जाऊन तासभर झाला होता. बाबांनी रस्त्यावर हात टेकवला, "गरम." मैल अकराच्या वळणाआधी मी म्हणालो, "बाबा, थांबवा जरा, लघवीला जाऊन येतो."

"तुझ्या वयात मी तीन तालुके न थांबता जायचो."

"तुमच्या वेळचे तालुके लहान होते."

हसले ते. जाकिटाखाली अभ्रा धरून मी वळणापलीकडे गेलो, साप रस्त्याच्या मधोमध ठेवला. थंडीने बधिर झाला होता, हललाही नाही. परत येऊन सीटवर बसलो आणि मुद्दाम डावीकडे, त्यांच्या खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनीच पहिला पाहायला हवा होता.

दोन थापा अशा जोरात मारल्या की डॅशबोर्डवरच्या होकायंत्राची काच तडकली. ब्रेक लावायचे विसरून उतरले. गाडी पुढे घरंगळायला लागली, मी हँडब्रेक ओढला. बाहेर आलो तर सत्तर वर्षांचा माणूस डांबरावर मांडी घालून बसला होता, साप दोन्ही हातांत, आणि रडत होता. लोरीन, मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

मग बोट पोटाखाली गेलं. सवयीने. म्हणाले, "अरे, पोट बर्फासारखं थंड आहे याचं."

मी म्हणालो, "आत्ताच खडकातून बाहेर आला असेल."

"जूनमधला खडक? एवढा थंड?" माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा सापाकडे बघितलं आणि तो प्रश्न त्यांनी सोडून दिला. सदतीस वर्षांनी ताटात आलेला घास, कोण खडे शोधत बसणार?

आणि पहिलं वाक्य काय बोलले ठाऊक आहे? "लोरीनला फोन लाव."

मी शेजारी उभा होतो. पंचवीस वर्षं शेजारी होतो. साप मी आणला, औषधं मी दिली, आणि फोन कुणाला, तर लोरीनला. लावला मी. तू उचलला नाहीस.

मला वाटलं होतं, फोटो काढतील, सोडून देतील, शांत होतील. तुझ्याकडे पाठवतील, तू रक्त काढशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अगदी शेवटी आलं. ते खोका बांधत होते तेव्हा. तेव्हाही मी 'बाबा, थांबा' एवढं म्हणालो असतो तर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, महिनाभर अबोला धरला असता आणि संपलं असतं. मी दोरी धरली. त्यांनी गाठ मारली.

नोव्हेंबरात ओसरीवर व्हर्नन बोलला तेव्हा मी तिथेच होतो. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि व्हर्ननला म्हणाले, "साप वाट चुकला असेल." त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पण दहा माणसं बसली होती आणि त्यांतल्या सहांना मी साप दाखवून पोट भरतो. दुसऱ्या दिवशी बोलेन म्हटलं. मग नाताळानंतर. मग मोसम संपल्यावर. त्या रबरी सापाला सगळे हसले असं तुला लिहिलं ना? मीही हसलो. थोडंसंच. व्हर्ननला दिसेल एवढं.

आणि ती नोंद तुला अर्धीच सांगितली होती. "रबराचा, एक," एवढ्यावर बाबा थांबले नव्हते. मी विचारलं, "पोट?" गंमत म्हणून विचारलं गं, ते हसावेत म्हणून. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "गरम. लिही. हा तरी रस्त्यावर तापलाय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. आता वही उघडली तेव्हा कळलं. जुलैत, तुला उंदरांचं लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. १९ जूनची नोंद अशी आहे:

'रा. ९.१०. मैल ११.४. राखपट्ट्या. जिवंत. रस्ता गरम. पोट बर्फासारखं थंड.'

आणि त्याखाली दुसऱ्या शाईने, डोळे गेल्यानंतरच्या अक्षरात, एकावर एक चढलेल्या ओळी: 'नोव्हेंबर. लोरीनचं बरोबर आहे. पोट थंड म्हणजे ग्रेडीची बर्फाची पेटी. त्याला विचारायचं नाही. लोरीनला सांगायचं नाही.'

संबंध उन्हाळा ते माझ्या शेजारी बसले. सगळं ठाऊक असून. मी गाडी चालवत होतो आणि ते माझं पाप आपल्या नावावर घेऊन काचेतून बाहेर बघत होते. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर मी आज तुला हे पत्र लिहिताना माणूस असतो.

मला त्यांचा रागही येतो, खरं सांगतो. असं मोठेपण घ्यायला कुणी सांगितलं होतं? आणि तुझाही येतो. एक फोन, लोरीन. छापायच्या आधी एक फोन. बाबांनी त्या सापाच्या थंड पोटाचं तुला सांगितलं असतं आणि तुम्ही दोघांनी मिळून मला पंधरा मिनिटांत पकडलं असतं. साप म्हणू नये धाकटा, तसं खोटंही म्हणू नये धाकटं. पण फणा त्याचा मोठा झाला तो तुझ्या पत्रकात.

अडतीसच्या अडतीस वह्या चेलोचा भाऊ ट्रकने आणून देतोय. हे पत्र समितीला दाखव. शब्दही गाळू नकोस, माझ्या हसण्याचाही नाही.

ग्रेडी


ड्राय फोर्क, १८ सप्टेंबर

लोरीन,

संग्रहालयाची पोच मिळाली, शिक्क्यासकट. त्याला टाचलेली तुझी चिठ्ठीही. 'वह्या स्वीकारल्या. १९ जूनच्या नोंदीपुढे तांबड्या शाईत लिहिलं आहे: मुलाने सोडलेला. बाबांवरचा ठपका पुढच्या पत्रकात मागे घेतला जाईल. कृपा करून यापुढे मला लिहू नकोस.'

बरं.

एवढंच कळवतो, की इथे सगळ्यांना समजलंय. चेलोला मीच सांगितलं, तिने ओसरीवर सांगितलं. व्हर्नन बाबांच्या कबरीवर गेला, टोपी काढून उभा राहिला, आणि तो रबरी साप बाबांनी कुठे ठेवला होता ते विचारायला घरी आला. मी आणून दिला. त्याने तो माझ्या हातातून घेतला पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या जूनची दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी नको म्हणून कळवलं. ओसरीवर माझ्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतात. चेलोसुद्धा बसत नाही. कप ठेवते आणि जाते. अंडी कशी हवीत, हेही विचारत नाही.

नको लिहूस म्हणालीस, नाही लिहिणार.

ग्रेडी


ड्राय फोर्क, २५ सप्टेंबर

लोरीन,

शब्द मोडतोय. हे वाचलंस तर वाच, नाहीतर चुलीत घाल. पण लिहायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. वह्या तुझ्याकडे आहेत.

काल अमावस्या होती. मोसम संपलाय, आता कुणी फिरत नाही. मी फिरलो. कशासाठी म्हणशील तर सवय, दुसरं काय? घरात बसवत नाही. गाडी बाबांचीच, होकायंत्राची काच तशीच तडकलेली. निघताना रस्त्यावर हात टेकवला, कोमट होता. पेटी बरोबर नव्हती. ती मी ऑगस्टमध्येच कुऱ्हाडीने फोडली.

मैल ११.९. त्या वळणाच्याही पुढे, जिथे खडूचा कडा सरळ रस्त्यावर उतरतो. दिव्यांत आधी मला दोरीचा तुकडा वाटला. शेजारी कुणी नसताना माझा हात आपोआप डॅशबोर्डवर पडला, दोनदा.

राखपट्ट्या होता, लोरीन.

पश्चिमेकडच्यासारखा नाही. पट्टे बारीक, राख जवळजवळ काळी, आणि नारिंगी इतका फिका की खडू लागल्यासारखा वाटावा. सदतीस वर्षं त्या माणसाने सांगितलं, आहे. होता. पोटाखाली बोट घातलं तेव्हा साप बिचारा माझ्या मनगटाला विळखा घालून मलाच आधार द्यायला लागला.

फोन खिशात होता. फोटो काढला नाही. काढून दाखवणार कुणाला? व्हर्ननला? तू म्हणशील, रक्त घ्यायचं होतंस. त्यात पश्चिमेचं काही निघालं नसतं हे मलाही कळतं. पण मग म्हणाले असते, हा पठ्ठ्या आता दुसरीकडून कुठून तरी आणायला लागला. असंच म्हणाले असते आणि त्यांचं काही चुकलं नसतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. जगात एकच माणूस आहे ज्याला हा साप सापडून उपयोग नाही, आणि नेमका त्यालाच तो सापडला. बाबा असते तर पोट धरून हसले असते.

अर्धा तास धरून बसलो. डांबरावर, मांडी घालून. मग तो ज्या दिशेला निघाला होता त्या बाजूला नेऊन कड्याशी सोडला. फटीत गेला. शेपटीचं टोक जरा वेळ बाहेर होतं.

आता नीट ऐक. पुढच्या वर्षी जूनची अमावस्या सोळा तारखेला आहे. तू ये. तुझ्याबरोबर समितीतला कुणी आण, दोन आण. गाडीची किल्ली चेलोकडे ठेवतो. मी त्या आठवड्यात इथे नसेन, नदीकडे जाईन, कुणाला तरी बरोबर ठेवीन म्हणजे मी कुठे होतो त्याला साक्षीदार राहील. मी गाडीत नसलो तरच तो साप बाबांचा होईल. परिषद असेल तर असू दे. एकदा ये. रस्त्याला हात लावून बघ, पंचवीसच्या वर जाऊ नकोस, रेडिओ लावू नकोस.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही, त्याची लायकी नाही माझी. फक्त ही ओळ कुठेतरी उतरवून ठेव. वहीत नको, तुझ्यापाशी.

'२४ सप्टेंबर २०१४. रा. ८.४०. मैल ११.९. राखपट्ट्या. जिवंत. रस्ता कोमट. पोट गरम.'

ग्रेडी